जगाचा सप्टेंबर आणि कळंबचे सोयाबीन

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५ हा घटस्थापनेचा दिवस होता. त्या दिवशी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल यांनी ती आदल्याच दिवशी दिली होती. भारतात वस्तू आणि सेवा कराचे नवे दर त्या सोमवारपासून अमलात आले आणि टूथपेस्टपासून ट्रॅक्टरपर्यंत काय किती स्वस्त झाले याच्या याद्या सर्वत्र झळकल्या. ‘रगासा’ नावाचे महावादळ फिलिपिन्सच्या उत्तरेकडील बेटांवर आदळले. आणि धाराशिव जिल्ह्यात, घरोघरी घट बसवण्याची तयारी चालू असताना, भूम आणि परंडा तालुक्यांत पुराने वेढलेल्या माणसांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले. कळंब आणि वाशी तालुक्यांत काढणीच्या तोंडावर आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले.

त्याच दिवसाची आणखी एक बातमी होती. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटली असावी, कारण मराठी वाचकाने तिच्याकडे लक्ष द्यावे असे तिच्या मथळ्यात काहीच नव्हते. अर्जेंटिनाच्या सरकारने धान्य आणि तेलबियांच्या निर्यातीवरील कर तात्पुरता शून्यावर आणला होता. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत मराठवाड्याच्या प्रत्येक मोंढ्यात एकच प्रश्न घोळत राहिला : पीक पाण्यात गेले, माल कमी झाला, मग भाव का चढत नाही? त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा धागा या दुर्लक्षित बातमीत होता. तो धागा हाती घेण्यापूर्वी त्या महिन्याकडे एकदा समग्र पाहणे बरे, कारण तो महिनाच मोठा विलक्षण होता.

महिन्याचा आरंभ चीनमध्ये झाला. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर रोजी तियानजिन येथे शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद भरली आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी सात वर्षांनंतर प्रथमच चीनच्या भूमीवर गेले. अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. त्यामुळे या भेटीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते. ३ सप्टेंबरला बीजिंगमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला ८० वर्षे झाल्याच्या निमित्ताने भव्य संचलन झाले. शी जिनपिंग यांच्या एका बाजूला पुतिन आणि दुसऱ्या बाजूला किम जोंग उन, हे त्या दिवशीचे छायाचित्र पुढे बरीच वर्षे छापले जाईल. ७ सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि ते भारतभर दिसणार होते; मराठवाड्यात मात्र ढगांनी किती जणांना ते पाहू दिले, हा प्रश्नच आहे.

नंतर नेपाळ. ४ सप्टेंबरला तेथील सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप यांसह २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. चारच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, काठमांडूच्या रस्त्यावर शाळा-महाविद्यालयांतील मुले उतरली. समाजमाध्यमे हे निमित्त होते. राग होता तो पुढाऱ्यांच्या मुलाबाळांच्या ऐषारामावर आणि परदेशी मजुरीला गेल्याशिवाय न पेटणाऱ्या स्वतःच्या घरातल्या चुलीवर. पोलिसांच्या गोळीबारात त्या एका दिवसात १९ जण मरण पावले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद भवन आणि सिंहदरबार ही इमारत पेटवली गेली. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. नेपाळच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. मृतांची एकूण संख्या सत्तरच्या पुढे गेली. शेजारच्या देशातील एक निवडून आलेले सरकार दोन दिवसांत कोसळले, ही गोष्ट आपल्याकडे जितक्या गांभीर्याने चर्चिली जायला हवी होती तितकी ती चर्चिली गेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ओली यांनी राजीनामा दिला त्याच ९ सप्टेंबरला इस्रायलने कतारची राजधानी दोहा येथे हमासच्या नेत्यांवर हवाई हल्ला केला आणि त्याच रात्री रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. १० तारखेला अमेरिकेतील उटाह राज्यात चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या तरुण प्रचारकाची विद्यापीठाच्या आवारात गोळी घालून हत्या झाली. ११ तारखेला ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांना उठावाच्या कटाबद्दल २७ वर्षांहून अधिक कारावास ठोठावला. १७ तारखेला पाकिस्तान आणि सौदी अरेबिया यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला. १९ तारखेला ट्रम्प यांनी नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क लावले. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये. मराठवाड्यातून पुण्याला आणि पुण्यातून अमेरिकेला, ही वाट ज्या घरांनी गेल्या पंचवीस वर्षांत मळवली, त्या घरांत ती रात्र फोनवर गेली. २८ तारखेला दुबईत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला हरवले आणि चषक न स्वीकारताच संघ परतला. त्या शनिवार-रविवारी मराठवाड्यात पावसाचा दुसरा तडाखा चालू होता.

एवढ्या सगळ्या घडामोडींत कळंबसारख्या तालुक्याच्या गावाला थेट कशाने स्पर्श केला? ट्रॅक्टर आणि ठिबक संचावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे खरेच. पण ज्याची जमीनच खरवडून गेली त्याला ठिबकाचा स्वस्त संच काय कामाचा? उरलेल्या बातम्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचल्या आणि तिथेच विरल्या. अर्जेंटिनाची बातमी टपरीवर आली नाही. ती थेट मोंढ्यात आली.

कळंब हे मांजरा नदीकाठचे गाव. यवतमाळ जिल्ह्यातही एक कळंब आहे, चिंतामणीचे; हे ते नव्हे. हे धाराशिव जिल्ह्यातले, नदी ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो असे सीमेवरचे. बालाघाटच्या डोंगरात पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे वाहत येते आणि कळंबजवळ, केज तालुक्यातील धनेगाव येथे तिच्यावर धरण आहे. लातूर शहराला पाणी पाजणारे धरण ते हेच. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ती छायाचित्रे जगभर गेली होती. कळंबच्या माणसाला पाण्याची भीती म्हणजे पाणी नसण्याची भीती, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच धरणाचे दरवाजे उघडून पाणी सोडावे लागले आणि नदीकाठची शिवारे तळ्यासारखी दिसू लागली.

पावसाचा मोठा जोर दोनदा झाला : २० ते २३ सप्टेंबर आणि पुन्हा २७-२८ सप्टेंबर. सरकारी भाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडला की ती अतिवृष्टी. अशी अतिवृष्टी त्या महिन्यात मराठवाड्यातील असंख्य महसूल मंडळांत एकदा नव्हे, वारंवार नोंदली गेली. पावसाच्या आकड्यापेक्षाही घातक होती ती त्याची वेळ. सोयाबीन हे साधारण ९० ते ११० दिवसांचे पीक. जूनमध्ये पेरले की सप्टेंबरच्या मध्यावर शेंगा भरतात, पाने पिवळी पडून गळतात आणि महिनाअखेरीस काढणीची लगबग सुरू होते. त्या वेळी त्याला पाणी नको असते, ऊन हवे असते. पिकलेली शेंग पाण्यात राहिली की दाणा काळवंडतो, बुरशी धरते किंवा शेंगेतच त्याला कोंब फुटतो. ज्यांनी पावसाआधी घाईने कापणी करून गंजी लावल्या होत्या त्यांच्या गंजी भिजल्या. काहींच्या वाहून गेल्या. ज्यांनी थांबायचे ठरवले त्यांचे उभे पीक गेले. दोघांपैकी कोणाचा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही.

हे पीक मराठवाड्यात फार जुने नाही. आजच्या साठीतल्या शेतकऱ्याच्या लहानपणी या शिवारांत खरिपाला मूग, उडीद, तूर, कापूस आणि ज्वारी असे. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने ही सगळी रांग मागे सारली. कारणे सरळ होती. पीक लवकर निघते, रान हरभरा-ज्वारीसाठी वेळेवर मोकळे होते, औषध-फवारणी कापसाइतकी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे दिवाळीच्या आधी हातात रोख पैसा येतो. मुलांची फी, दुकानदाराची उधारी, लग्नाचा बस्ता हे सारे सोयाबीनच्या पट्टीवर ठरू लागले. जवळच लातूर ही सोयाबीनवरील प्रक्रियेची मोठी पेठ. लातूरच्या कारखान्यांनी सकाळी काय दर काढले यावर कळंब, केज, वाशी येथले सौदे होतात.

आता लातूरचे कारखाने तो दर कशावर काढतात, हे पाहू. एक क्विंटल सोयाबीन गाळले की सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे नाव तेलबियाचे असले तरी वजनाने ते पेंडीचे पीक आहे. पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते, उरलेली निर्यात होते. तेल आपल्या स्वयंपाकघरात येते. कारखानदार पेंडीचा भाव आणि तेलाचा भाव यांची बेरीज करतो, त्यातून गाळपाचा खर्च आणि नफा वजा करतो, आणि उरेल तो सोयाबीनचा दर. या हिशेबात शेतकऱ्याचा उत्पादन खर्च कोठेच येत नाही आणि कळंबमध्ये किती पीक बुडाले हेही येत नाही.

तेलाचा भाव भारतात ठरत नाही, कारण आपण खातो त्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या तेलवर्षात देशाने सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात केले. त्यात सोयाबीन तेल जवळपास ५५ लाख टन होते आणि तो आजवरचा विक्रम होता. हे सोयातेल देणारा सर्वांत मोठा देश म्हणजे अर्जेंटिना. कळंबच्या किराणा दुकानात एक लिटरची पिशवी घेणाऱ्या गृहिणीला आणि ती पिशवी विकणाऱ्या दुकानदारालाही सहसा ठाऊक नसते की तिच्यातले तेल पराना नदीकाठच्या रोसारिओ शहराच्या परिसरात गाळलेले असू शकते. तेथून ते जहाजाने निघाले की भारतात यायला सहा आठवड्यांहून अधिक काळ लागतो. ज्याच्या रानात सोयाबीन पिकते त्याच्याच फोडणीला परदेशी सोयाबीनचे तेल असते, ही विसंगती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे.

अर्जेंटिनात सप्टेंबरमध्ये काय घडत होते? ७ सप्टेंबरला ब्युनॉस आयर्स प्रांताच्या निवडणुकीत अध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या पक्षाचा मोठा पराभव झाला. त्यांच्या आर्थिक सुधारणा टिकतील का, अशी शंका बाजारात पसरली आणि तेथील पेसो हे चलन घसरू लागले. ते सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने १७ ते १९ सप्टेंबर या तीनच दिवसांत एक अब्जाहून अधिक डॉलर विकले. तिजोरीत डॉलर उरेनात. संसदेची निवडणूक २६ ऑक्टोबरला, म्हणजे महिन्यावर आलेली. डॉलर लवकर हवे असतील तर त्या देशात एकच मोठा मार्ग असतो, शेतमालाची निर्यात. पण सोयाबीनवर २६ टक्के आणि सोयातेल व पेंडीवर साडेचोवीस टक्के निर्यात कर असल्याने शेतकरी माल दाबून बसले होते. म्हणून २२ सप्टेंबरला सरकारने हा कर शून्य केला. मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत, किंवा सात अब्ज डॉलरच्या निर्यातीची नोंदणी पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत.

सात अब्ज डॉलरची नोंदणी तीन दिवसांत संपली. २४ सप्टेंबरला कर पुन्हा लागू झाला.

या तीन दिवसांत जगाच्या सोयाबीन व्यापारात झुंबड उडाली. चिनी खरेदीदारांनी अर्जेंटिनाच्या सोयाबीनची अनेक जहाजे आरक्षित केली. भारतीय आयातदारांनीही संधी सोडली नाही. दोन दिवसांत सुमारे तीन लाख टन सोयातेलाचे सौदे झाले आणि तो माल ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत टप्प्याटप्प्याने यायचा ठरला. ऑक्टोबर ते मार्च हाच मराठवाड्याच्या नव्या सोयाबीनचा विक्रीचा हंगाम. तारखा पुन्हा एकदा पाहाव्यात : २२ ते २४ सप्टेंबर. कळंबच्या शिवारात पाणी साचले होते, नेमक्या त्याच दिवसांत त्या शिवारातून न येणारे तेल दुसरीकडून स्वस्तात भरून निघाले. एकाचा दुसऱ्याशी काही कट नव्हता, योगायोगच होता. पण बाजाराला योगायोग आणि कट यांतला फरक कळत नाही.

या चित्राची दुसरी बाजू अमेरिकेत होती. आयोवा, इलिनॉय या राज्यांत सप्टेंबरमध्ये सोयाबीनची काढणी चालू होते आणि एरवी त्यातला मोठा वाटा चीन उचलतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चीनने अमेरिकेतून सोयाबीनचा एक दाणाही आयात केला नाही. नोव्हेंबर २०१८ नंतर असे प्रथमच घडले. ट्रम्प यांच्या आयात शुल्काला चीनने दिलेले हे उत्तर होते. चीनची गरज मात्र थांबली नव्हती. त्या महिन्यात त्याने ब्राझीलकडून एक कोटी टनांहून अधिक आणि अर्जेंटिनाकडून सुमारे १२ लाख टन सोयाबीन घेतले. अमेरिकी शेतकऱ्यांची गोदामे भरलेली आणि गिऱ्हाईक गायब, अशा वेळी अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांनी २४ सप्टेंबरला अर्जेंटिनाला २० अब्ज डॉलरचा आधार देण्याची बोलणी जाहीर केली. आपले गिऱ्हाईक पळवणाऱ्याला आपल्याच सरकारने हात द्यावा, याचा तेथील शेतकरी संघटनांना संताप आला आणि तो त्यांनी उघड बोलून दाखवला. दिल्लीच्या धोरणावर लातूरच्या मोंढ्यात जे बोलले जाते त्याहून ते फार वेगळे नव्हते.

जगाचा भाव शिकागोच्या बाजारात दिसतो. तेथे सप्टेंबर २०२५ मध्ये सोयाबीन बुशेलला दहा डॉलरच्या आसपास होते. बुशेल म्हणजे साधारण २७.२ किलो. डॉलर ८८ रुपयांना धरला तर हा भाव क्विंटलला सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास येतो. भारत सरकारने त्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव होता ५,३२८ रुपये. या दोन आकड्यांमधली दोन हजारांची दरी पाहिली की बाजार हमीभावाच्या खाली का रेंगाळला हे वेगळे सांगावे लागत नाही. भारतातील सोयाबीन जनुकीय बदल केलेले नाही, म्हणून आपल्या पेंडीला काही देशांत थोडा अधिक भाव मिळतो. पण ब्राझील, अर्जेंटिनाची पेंड ढिगाने स्वस्त असताना हा अधिकपणा फार ताणता येत नाही.

शिकागोचा शेतकरी सव्वातीन हजारांत तग धरू शकतो आणि कळंबचा का नाही, असे शहरी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिका आणि ब्राझीलमध्ये हेक्टरी पस्तीस क्विंटलच्या आसपास उत्पादन येते. भारताची सरासरी दहा क्विंटलच्या जवळपास घुटमळते. बियाणे, पावसावर अवलंबून असलेले कोरडवाहू रान, तुकड्या-तुकड्यांची जमीन अशी त्याची अनेक कारणे आहेत आणि ती एका लेखात उरकण्यासारखी नाहीत. एकरी चार क्विंटल पिकवणाऱ्याला भावातला प्रत्येक शंभर रुपयांचा फरक लागतो. चौदा क्विंटल पिकवणाऱ्याला तो इतका टोचत नाही.

पीक बुडाल्याने टंचाई झाली नाही का? झाली. त्या खरिपात देशाचे सोयाबीन उत्पादन सुमारे १०५ लाख टनांवर आले, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा जवळपास २० लाख टन कमी, असा सोयाबीन प्रक्रिया उद्योगाच्या संघटनेचा अंदाज होता. वीस लाख टन हा आकडा आपल्याला डोंगराएवढा वाटतो. जगाचे उत्पादन मात्र त्या वर्षी सव्वाबेचाळीस कोटी टनांच्या घरात होते. त्या समुद्रात वीस लाख टन म्हणजे शंभरात अर्धा. कळंबच्या शेतकऱ्याचे सगळे गेले तरी शिकागोच्या फलकावरचा आकडा हलत नाही. पूर्वी असे नव्हते. ज्वारी-बाजरीच्या काळात गावाचे पीक बुडाले तर गावात धान्य महाग होई. ज्याच्याकडे दोन पोती उरली असतील त्याला निदान त्या दोन पोत्यांचा भाव तरी मिळे. दुष्काळात किंवा पुरात तेवढाच एक वाईट का होईना, तोल साधला जात असे. जगाच्या बाजारातल्या पिकाने तो तोल काढून घेतला आहे : माल कमी आणि भावही कमी, ही जोडी आता एकाच हंगामात शक्य झाली आहे.

याचे खापर केवळ ब्युनॉस आयर्स आणि वॉशिंग्टनवर फोडून भागणार नाही. काही निर्णय दिल्लीतलेही होते. १४ सप्टेंबर २०२४ ला, महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. सोयाबीन उत्पादकांना तो दिलासा होता. पुढे ३० मे २०२५ ला, खरिपाच्या पेरणीच्या आधी, ते पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणले. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे हा हेतू गैर म्हणता येणार नाही. तेल महागले की शहरांत ओरड होते आणि ती ओरड सरकारला लवकर ऐकू जाते. परंतु जूनमध्ये चाड्यावर मूठ धरताना शेतकऱ्याने ज्या भावाची आशा केली तिचा पाया पेरणीआधीच खचला होता. २०२१ चा अनुभव याच जातीचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेले, तेव्हा कोंबडीखाद्य उद्योगाच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि नवा माल बाजारात येईतो भाव कोसळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनच्या वायदे व्यवहारांवरही बंदी आली. त्यात भर इथेनॉलची. मका आणि तांदळापासून इथेनॉल तयार करताना उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने सोयापेंडीची देशातली मागणीच घटली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळावे हे धोरण ऊस आणि मक्याला हात देणारे. त्याचा फटका सोयाबीनला बसेल हे किती जणांनी आधी ओळखले असेल?

पीक विम्याच्या बाबतीतही २०२५ हे वर्ष नेमके वाईट निघाले. महाराष्ट्रातील एक रुपयात विमा ही योजना त्याच खरिपापासून बंद झाली आणि शेतकऱ्याला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागू लागला. त्याहून मोठा बदल दुसरा होता. आधीच्या योजनेत स्थानिक आपत्ती किंवा काढणीनंतरचे नुकसान झाले तर ७२ तासांत कळवून वैयक्तिक भरपाई मागता येत असे. ते निकष वगळून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवण्यात आली. भिजलेल्या गंजीचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवणाऱ्या अनेकांना ते आता कोणाला पाठवायचे, हा प्रश्न पडला.

राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. राज्यातील ६८ लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र बाधित झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार रुपये आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी आणखी दहा हजार, तीन हेक्टरच्या मर्यादेत. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमी योजनेतून तीन लाखांपर्यंतची कामे, असा त्याचा ढाचा होता. आकडा मोठा होता आणि आधीच्या निकषांपेक्षा मदत वाढली होती, हे मान्य करायलाच हवे. पण हेक्टरी दहा क्विंटल सोयाबीन आणि ५,३२८ रुपये भाव, असा साधा गुणाकार केला तरी ५३ हजार होतात. त्यापुढे साडेआठ हजार काय किंवा साडेअठरा हजार काय, शेतकरी ते कोणत्या नजरेने पाहणार हे उघड आहे. खरवडलेल्या जमिनीचा प्रश्न तर पैशाच्याही पलीकडचा आहे. नदीकाठच्या काळ्या मातीचा थर एका रात्रीत वाहून जातो. तळ्यातला गाळ आणून पसरला तरी रान पूर्वीसारखे व्हायला वर्षे लागतात.

मध्य प्रदेशाने सप्टेंबरअखेरीस सोयाबीनसाठी भावांतर योजना जाहीर केली. बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात भरण्याची ही पद्धत. महाराष्ट्राने खरेदी केंद्रांचा जुना मार्ग धरला. त्यासाठी नोंदणी ३० ऑक्टोबरपासून आणि प्रत्यक्ष खरेदी १५ नोव्हेंबरपासून ठेवण्यात आली. दिवाळी त्यापूर्वीच होऊन गेली होती. ज्यांना सणापूर्वी पैसा लागणार होता त्यांनी मिळेल त्या दराने माल मोंढ्यात नेला.

आता ३० ऑक्टोबर या तारखेचाही एक योगायोग. त्याच दिवशी दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली आणि अमेरिकेचे १२० लाख टन सोयाबीन वर्षअखेरपर्यंत घेण्याचे चीनने कबूल केल्याचे अमेरिकेने जाहीर केले. शिकागोचा भाव त्यानंतर अकरा डॉलरच्या वर गेला. अमेरिकी शेतकऱ्याने गोदामात राखून ठेवलेल्या मालाला ती वाढ मिळाली. कळंबच्या शेतकऱ्याकडे जो काही माल राखून ठेवलेला होता, त्याची अडचण निराळी होती. हमीभावाच्या खरेदीला दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि काळवंडलेले, कोंब फुटलेले दाणे ठरावीक प्रमाणाबाहेर चालत नाहीत. सप्टेंबरच्या पुरातून वाचलेले सोयाबीन ताडपत्रीवर पसरून, उलथून-पालथून उन्हात वाळवले तर ओलावा उतरतो. दाण्याचा काळा रंग उतरत नाही.